स्वित्झर्लंडचं प्रस्थान

१

सरदार जयसिंहराव सुर्वे स्वित्झर्लंडच्या नकाशावर पालथे पडले होते आणि निम्मा देश रक्ताने भिजला होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. छावणी मोहल्ल्यातल्या त्यांच्या घराची ही वरची खोली आमच्या सगळ्या लष्कर शहरात प्रसिद्ध होती. भिंतीवर बर्फाच्या डोंगरांची चित्रं, टेबलावर आगगाड्यांची वेळापत्रकं, कोपऱ्यात नवीकोरी ट्रंक. दिवाळीनंतर मुंबईहून बोट, मग इटली, मग स्वित्झर्लंड. काम काही नाही, नुसतं फिरायचं. संस्थान गेलं, जहागीर गेली, आता चार दिवस मजा करून येतो, असं ते येईल त्याला सांगत.

प्रेताशेजारी लोखंडी टोकाची जाड काठी पडली होती. बर्फावर चालायला म्हणून त्यांनी ती मुंबईहून मागवली होती. डॉक्टर वाकून बघत होते.

"पहिला घाव मागून," ते म्हणाले. "बाकीचे पडल्यावर. मेल्यावरसुद्धा मारत राहिलाय. काल दिवे लागायच्या सुमाराचं काम आहे."

चेहरा ओळखू येत नव्हता. भिंतीवरच्या एका डोंगरावर रक्ताची चिळकांडी थेट शिखरापर्यंत गेली होती. मी पोलिसात बरीच प्रेतं पाहिली आहेत, पण एवढा राग क्वचित पाहिला. चोर असा मारत नाही. चोराला घाई असते.

खोलीतलं एकच गेलं होतं. भिंतीवरची तलवार. खुंट्या रिकाम्या होत्या.

दारात जयसिंहरावांचा पुतण्या संभाजीराव भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. एका मुठीत आमच्याकडे दसऱ्याला सोनं म्हणून वाटतात ती शमीची पानं, रक्ताने एकमेकांना चिकटलेली. त्याच्या तोंडातूनही रक्त येत होतं, कारण माझ्या हवालदाराने मला विचारायच्या आधीच त्याला दोन ठेवून दिल्या होत्या.

"साहब, कातिल हाज़िर है," हवालदार म्हणाला.

मी रमाकांत मुळे, इन्स्पेक्टर. मला तयार उत्तरं आवडत नाहीत, आणि तयार उत्तर देणारे हवालदार तर त्याहून नाहीत. मी त्याला जिन्याखाली पाठवलं, पण संभाजीरावाला बेड्या घालाव्याच लागल्या. अर्ध्या तासाने त्याच्या बिऱ्हाडात, गादीखाली, ती तलवार सापडली.

२

"चोरली नाही! आणली," संभाजीराव कोतवालीत माझ्यासमोर ओरडला. "आमच्या पणजोबांची तलवार आहे ती. काकासाहेब दिल्लीच्या कुठल्या सौदागराला विकून राहिले होते. कशासाठी? बर्फ बघायला!"

हा संभाजीराव संस्थानच्या फौजेत कॅप्टन होता. विलीनीकरणात फौज हिंदी सेनेत गेली, तेव्हा निवड झाली नाही अशांपैकी तो एक. तेव्हापासून तो घरात कप फोडायचा आणि रस्त्यात लोकांची कॉलर धरायचा.

"दुपारी झगडा झाला?"

"झाला. दसऱ्याला शस्त्रपूजा झाल्यावर ते मला सांगतात की ही शेवटची पूजा. मी तलवार काढून घेतली. म्हटलं, पाय तोडीन, मग बघतो कसे जाता."

"हे कोणी ऐकलं?"

"सगळ्या गल्लीने."

"आणि संध्याकाळी?"

"घरात पडून होतो. एकटा." त्याने नाक पुसलं. "रात्रभर मला चैन नाही पडलं. कसंही झालं तरी बापाच्या जागी होते. सकाळी सोनं घेऊन पाया पडायला गेलो. वाटलं, अजून श्वास चालतोय, म्हणून उचलायला गेलो... इन्स्पेक्टरसाहेब, मी माणसं मारली आहेत, लढाईत. कसम से, असं कुत्र्यासारखं नाही मारलं कोणाला."

मला तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही. पण वाटण्याला कोर्टात कोण विचारतो? धमकी होती, तलवार होती, रक्ताने भरलेले हात होते. शिवाय एक नोव्हेंबरला मध्यभारत संपून नवा मध्यप्रदेश होणार होता, राजधानी भोपाळला चालली होती, आणि वरच्यांना सगळी प्रकरणं त्याआधी बांधून हवी होती. हा पोरगा फासावर जाणार हे मला त्या खुर्चीत बसूनच दिसत होतं.

"काकांबरोबर कोण जाणार होतं?"

"माधवकाका. दुसरं कोण? जन्मभर दोघे तेच करत आलेत. रोज संध्याकाळी नकाशा."

माधवराव दरबारच्या दफ्तरातले जुने अधिकारी, माझ्या वडिलांचे मित्र, जयसिंहरावांचे तर जिवलग. त्यांना ही बातमी दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये म्हणून मी जीप काढली. खून झालाय हे अजून छावणीबाहेर फुटलं नव्हतं.

३

माधवगंजात माधवरावांच्या अंगणात शिरलो तेव्हा दोरीवर एक धोतर वाळत होतं. धुण्याच्या दगडापाशी जरीकाठी पांढऱ्या उपरण्याचं एक लहान गाठोडं पडलं होतं. त्याची गाठ सैल झाली होती आणि चिमण्या सांडलेले तांदूळ टिपत होत्या. मी त्याला वळसा घालून पायरी चढलो.

माधवरावांच्या पत्नी इंदुताई पदराला हात पुसत पुढे आल्या.

"अगोबाई, रमाकांत! सोनं द्यायला आज उगवलास? बस. जयसिंहराव पण येतायत जेवायला, कालच्या पोळ्या आहेत. रस्त्यात दिसले नाहीत का तुला?"

मी टोपी काढून हातात घेतली. "काका कुठे आहेत?"

माधवराव आतल्या खोलीत बसले होते. मागे देवघराचं दार उघडं होतं. समई तेवत होती, आणि देवांसमोर हिरव्या खणाचं गाठोडं नीट ठेवलेलं होतं, वर हळदकुंकू वाहिलेलं. माधवरावांच्या उजव्या हाताला पट्टी होती.

"नारळ फोडताना लागलं," त्यांनी मी न विचारता सांगितलं.

मी बातमी दिली. इंदुताई मटकन खाली बसल्या आणि त्यांनी तोंडात पदर कोंबला. माधवरावांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, खऱ्या धारा. ते पाहून मलाही रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

"माझी ट्रंक भरलेली आहे रे," ते म्हणाले. "ती बघ. नवा ओव्हरकोट शिवला. दफ्तर भोपाळला चाललं, मला घरी बसवलं. म्हटलं जाऊ दे, आपल्याला कुठे भोपाळला जायचंय! आपण जाणार लुसर्नच्या तळ्यावर. आता कोणाबरोबर जाऊ?"

"काल संध्याकाळी तुम्ही..."

"घरीच. गुडघा धरला होता. ही देवीला गेली होती बायकांबरोबर. जयसिंह दुपारी येऊन गेला, तेच शेवटचं."

"कोणावर संशय?"

त्यांनी डोळे पुसले. "त्या पोराचा हात फार लवकर उठतो. पण मी काही बघितलेलं नाही."

मी उत्तर देणार, तोच बाहेर जीपचा ड्रायव्हर ओरडला. कोतवालीतून निरोप होता. सुर्व्यांचे भाऊबंद लाठ्या घेऊन आत घुसले होते.

४

पोचलो तेव्हा कोतवालीच्या अंगणात संभाजीराव मातीत पडला होता आणि चारपाच जण त्याला तुडवत होते. हातात बेड्या होत्या, त्यामुळे त्याला डोकंसुद्धा झाकता येत नव्हतं. कोणीतरी त्याच्या कानावर बूट मारला. हवालदार कमरेवर हात ठेवून लांबून बघत होता.

मी हवेत गोळी झाडली. तरी एक जण थांबेना, तेव्हा पिस्तुलाचा दस्ता त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

"हटा सगळे!" हा आवाज बाईचा होता.

जयसिंहरावांच्या पत्नी उषाताई टांग्यातून उतरत होत्या. सणाला माधवगंजात बहिणीकडे गेल्या होत्या, रात्री तिथेच राहिल्या, आणि तिथेच आता त्यांना आमच्या माणसाने बातमी दिली होती. कपाळ कोरं, केस सुटलेले. त्या सरळ संभाजीरावापाशी गेल्या आणि त्याचं रक्ताळलेलं डोकं मांडीवर घेतलं.

"काकीसाहेब, मी नाही..." पुढचा दात तुटल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं.

"माहीत आहे रे. तू भांडतोस तोंडावर. ह्यांना मागून मारलंय म्हणतात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्याला फाशी झाली, तर मला पाणी द्यायलाही कोणी उरत नाही. असली गुन्हेगार शोधा, इन्स्पेक्टरसाहेब. हात जोडते."

मी त्यांना आत बसवलं. "ताई, एवढंच सांगा. काल दिवसभरात काय काय झालं?"

"सकाळी पूजा. मग संभाजीशी ते तलवारीचं. मग विजयमुहूर्तावर हे प्रस्थान ठेवायला गेले, आणि मी बहिणीकडे. जाताना खुश होते फार. मला म्हणाले, आता तू अर्ध्या रस्त्यात पोचलीस."

"तू म्हणजे?"

"मीच जाणार होते न ह्यांच्याबरोबर." त्यांनी मान खाली घातली. "बोटीवर जागा दोनच मिळाल्या. मी जन्मात कधी काही मागितलं नाही. ह्या वेळी म्हटलं, मला पण बघायचंय. हे म्हणाले, ठीक, माधवला मी समजावतो. रोज म्हणायचे, उद्या सांगतो. सांगणं झालंच नाही."

मी खुर्चीवरून अर्धा उठलो. तासाभरापूर्वी माधवरावांनी मला आपली भरलेली ट्रंक दाखवली होती. पण त्यात गुन्हा काय? बिचाऱ्यांना ठाऊकच नसेल.

"प्रस्थान कोणाकडे ठेवलं?"

"माधवरावांकडेच. दरवेळी तिथेच ठेवतो आम्ही, देवघरात. ह्यांचं ह्यांच्या जरीकाठी उपरण्यात, पांढऱ्या. माझं हिरव्या खणात."

मी टोपी उचलली. धावत जीपकडे गेलो आणि ड्रायव्हरला परत माधवगंजात घ्यायला सांगितलं.

५

आपल्याकडे मुहूर्तावर निघता येत नसलं, की माणूस प्रस्थान ठेवतो. अंगावरचं एखादं वस्त्र, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड असं बांधून दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. तेवढ्याने प्रवास सुरू झाला. निघायच्या दिवशी तिथूनच ते उचलायचं. तोवर त्याला कोणी हलवत नाही. ते गाठोडं नसतं, तो माणूसच असतो.

माधवराव तिथेच बसले होते. इंदुताई भिंतीशी हुंदके देत होत्या. मी त्यांनाच आधी विचारलं.

"काकू, देवघरात काल दोन गाठोडी ठेवली होती ना? पांढरं बाहेर कोणी टाकलं?"

"ह्यांनी. सकाळी मी उठले तर बाहेर ठेवलेलं. मी म्हटलं, अहो, प्रस्थान हलवतात का? तर म्हणाले, उंदीर लागला."

"उंदीर हिरव्या खणातल्या तांदळाला लागला नाही?"

इंदुताईंनी हुंदका अर्धवट ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"काका," मी म्हटलं, "मी बातमी घेऊन आलो तेव्हा काकू जयसिंहरावांना जेवायला वाढायची तयारी करत होत्या. ह्या घरात त्यांचं मरण कोणाला माहीत नव्हतं. तरी त्यांचं प्रस्थान धुण्याच्या दगडापाशी होतं. प्रवास रद्द झाल्याचं कळलं असतं, तर दोन्ही गाठोडी निघाली असती. तुम्ही एकच काढलंत. दोघांपैकी कोण मेलंय आणि कोण जिवंत आहे, हे पहाटे लष्करात एकाच माणसाला माहीत होतं."

माधवराव शांतपणे उठले. देवघराकडे वळले. मला वाटलं नमस्कार करतायत.

त्यांनी समई उचलली आणि तीच माझ्या डोक्यावर घातली.

मी वाकलो म्हणून वाचलो. पितळेचा बुंधा खांद्यावर बसला, हाड कडकडलं आणि गरम तेल मानेवर सांडलं. त्यांनी पुन्हा उचलली. मारताना ते ओरडत नव्हते, दात आवळून घुसमटल्यासारखा आवाज काढत होते. काल तोच आवाज जयसिंहरावांनी शेवटचा ऐकला असणार. मी पोटात गुडघा घातला, ते देवांवर आदळले, ताम्हन खणखणत गेलं. तरीही ते उठले. बापाच्या वयाच्या माणसाच्या तोंडावर मी मूठ मारली, आणि मग दुसऱ्यांदा मारली. दुसरीची गरज नव्हती. हातावरची पट्टी सुटली होती. तळव्यावर, काठी घट्ट धरून हाणताना सोलतं तशी सालटं निघाली होती.

इंदुताई किंचाळत होत्या. "काय केलंत हो! अहो, काय केलंत!"

माधवराव जमिनीवर बसून रक्त थुंकले.

"दुपारी दोन गाठोडी घेऊन आला," ते म्हणाले. "मी विचारलं, हिरवं कोणाचं? हसला. उषाचं, म्हणाला. तुझ्याकडेच ठेवतो, तुझ्याइतकं जवळचं कोण आहे! मी हळदकुंकू वाहिलं, रमाकांत. माझ्या हाताने. काही बोललो नाही."

"मग संध्याकाळी गेलात."

"नुसतं विचारायला. कुठे गाडी बदलायची, कुठल्या तळ्यावर कुठली बोट, कुठल्या खिडकीत बसलं की डोंगर दिसतो, सगळं मी काढलं. त्याला वेळापत्रक वाचता येत नव्हतं. नकाशा त्याचा होता, प्रवास माझा होता. दरबार गेला, नोकरी गेली, मी हूं का चूं केलं नाही, कारण माझ्याकडे हे होतं. हे सगळं मी त्याला सांगितलं. तर तो नकाशावर वाकला होता, मान वर न करता म्हणाला, तू काय माधव, नकाशातच जाऊन आलायस. उषाला खरं बघू दे." त्यांनी आपल्या तळव्याकडे पाहिलं. "काठी कोपऱ्यात होती."

"त्यांचं गाठोडं का हलवलंत? तसंच राहू दिलं असतं तर मला काहीच कळलं नसतं."

"घरी येऊन अंघोळ केली, धोतर धुतलं, सगळं झालं. सकाळी पूजेला बसलो. समोर तो. मेलेल्या माणसाचं प्रस्थान देवांसमोर, घरात इंदू, आणि मी घंटा वाजवतोय. मला नाही जमलं."

"आणि हिरवं?"

ते माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मीच काहीतरी अभद्र बोललो होतो.

"जिवंत बाईचं प्रस्थान हलवायचं? तिला काही झालं असतं म्हणजे?"

६

संभाजीराव सुटला. दात गेला तो गेलाच, एका कानाने ऐकूही येत नाही. ज्या हवालदाराने तो तमाशा बघितला, त्याची बदली मी स्वतः मागे लागून करवली, आणि सुर्व्यांच्या त्या भाऊबंदांवर दंग्याचा खटला भरला. तेवढ्याने माझा राग शमला असं नाही.

तेरावं झाल्यावर उषाताई माधवगंजात गेल्या. इंदुताईंनी दार उघडलं. दोघी एकमेकींशी काय बोलल्या मला माहीत नाही, पण उषाताईंनी देवघरातलं हिरवं गाठोडं उचललं आणि घरी न परतता तिथूनच स्टेशनवर गेल्या. संभाजीराव ट्रंक आणि तलवार घेऊन बरोबर होता. आधी काशी, मग वर हिमालयात, बर्फ दिसेल तिथपर्यंत, असं त्यांनी ठरवलं होतं.

दिवाळीनंतर मी एकदा तुरुंगात गेलो. खांद्याला अजून पट्टा होता. आम्ही सगळे आता मध्यप्रदेशचे झालो होतो, पाट्या बदलायच्या राहिल्या होत्या. माधवराव खूप वाळले होते. फाशी होणार हे त्यांना माहीत होतं, आणि त्याबद्दल त्यांनी विचारलं नाही.

"बोट गेली असेल ना आज?" त्यांनी विचारलं.

सांगू नये असं मनात आलं. पण त्या माणसाला मी काय म्हणून जपायचं?

"नाही गेली," मी म्हटलं. "सुवेझपाशी लढाई पेटलीय. कालव्यात जहाजं बुडवली, रस्ता बंद. त्या बाजूची बोट मुंबईहून निघणार नाही. कधी निघेल कोणी सांगत नाही."

ते उठून गजांपाशी आले.

"म्हणजे जयसिंह गेलाच नसता."

"नाही."

"उषाही नाही. सगळे इथेच." ते खाली बसले. "आणि संध्याकाळी तो माझ्याकडेच आला असता. माधव, म्हणाला असता, दुसरा रस्ता काढ."

त्यांचं बोट आपोआप जमिनीवर फिरू लागलं. धुळीत मुंबई, मग खाली लांबलचक रेघ. "आफ्रिकेला वळसा घालून जाता येतं. वेळ लागतो फार. त्याला बोट लागते, मध्ये उतरून दोन दिवस आराम..."

रेघ मध्येच थांबली. त्यांनी तो हात उचलून पाहिला, सोललेला तळवा आता भरत आला होता, आणि मग तो मांडीखाली दाबून ते भिंतीकडे तोंड करून बसले.